एक नांव, अनेक वजनें

कर्जतच्या बाजारांत दोन पाव मिळतात. भाजीचा पाव संस्कृत ‘पाद’ म्हणजे चौथा हिस्सा यापासून आलेला. खाण्याचा पाव पोर्तुगीज भाषेंतून आलेला. येथें रूप एक, कूळ निराळें. वजनांच्या इतिहासांत मात्र नांव व कूळ कायम राहून वजनच बदलल्याचें आम्हांस वारंवार आढळतें.

चौलास पोर्तुगीजांचें ठाणें असतां, 1554 सालीं, आंतोनियु नुनिश यानें हिंदुस्थानांतील वजनें, मापें व नाणीं यांवर ग्रंथ रचला. पोर्तुगीज लेखनांत आपली खंडी ‘कांदील’ झाली व मण ‘मांव’ झाला. त्यांचीं स्वतःचीं नांवें तरी कोठें स्वतःचीं होतीं? सुमारें 459 ग्रॅमचा ‘आरातेल’ अरबी ‘रतल’पासून निघाला, आपला रत्तलही त्याच मुळाचा. ‘अरोबा’ म्हणजे अरबींत चतुर्थांश, अर्थानें आपला पावच. तो क्विंटलचा चौथा भाग असे. तो क्विंटल सुमारें 59 किलोंचा होता. 1852 सालीं पोर्तुगालनें दशमान पद्धति स्वीकारली. आजचा क्विंटल 100 किलोंचा. ब्राझीलमध्यें गुरांच्या व्यापारांत अरोबा अद्याप चालतो, पण तो नेमका 15 किलोंचा.

आपल्याकडेही मुंबईचा मण सुमारें 12.7 किलोंचा, तर चाळीस शेरांचा सरकारी मण 37.3 किलोंचा होता. मुंबईची खंडी 254 किलोंची. कापसाच्या व्यापारांत आजही बोलली जाणारी खंडी सुमारें 356 किलोंची. असे दोन मण शेजारीं नांदत असतां, कर्जाऊ भाताचा आंकडा मांडणारा लिहितां येणारा आणि अंगठा उठविणारा निरक्षर असेल, तर तोटा कोणाच्या पदरीं पडावा हें सांगावयास नको.

1956 च्या कायद्यानें देशभर किलोग्रॅमचें वजन एक केलें. लोकांनीं ‘पाव’ मात्र सोडला नाहीं, त्याला किलोशीं जोडून घेतलें. पोर्तुगीज गृहिणीही ‘मेयु कीलु’ म्हणजे अर्धा किलोच मागते.

कर्जत-खालापुरांतील वृद्धांच्या तोंडीं पायली, अधोली, नवटाक हे शब्द आहेत. ते टिपून घेणारांस आमची एकच सूचना: शब्दाबरोबर गांव व भरलेलें वजनही लिहावें. नुसता शब्द कोशास पुरतो. जुन्या कागदांतील ऋणकऱ्यास न्याय देण्यास तो पुरत नाहीं.