रस्त्याच्या कामावरचा झेंडेवाला काय सांगतोय? खुणा समजून घ्या

राहुरी (प्रतिनिधी) : नगर-मनमाड रस्ता असो की कल्याणहून नगरमार्गे पाथर्डीकडे जाणारा ६१ क्रमांकाचा महामार्ग, रस्त्याचं काम निघालं की एक बाजू खोदलेली आणि दुसऱ्या बाजूने दोन्हीकडची वाहनं, हे ठरलेलंच. मध्ये झेंडा घेऊन उभा असतो फ्लॅगमन. बऱ्याचदा तो आपल्याच भागातला पोरगा असतो.

मागच्या उसाच्या हंगामात माझ्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या होत्या. कामावरच्या पोराने झेंडा नुसताच हलवला. थांब म्हणतोय का ये म्हणतोय, कळेना. मी पुढे घातला, समोरून डंपर आला. हातभर अंतरावर दोघे थांबलो. पोराला खूण शिकवलेली नव्हती, आणि मलाही ती माहीत नव्हती. म्हणून ही माहिती.

कामाच्या ठिकाणची वाहतूक कशी सांभाळायची, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची 'एसपी ५५' ही मार्गदर्शिका आहे. फ्लॅगमनच्या मुख्य खुणा तीनच.

थांबा : फ्लॅगमन वाहनाकडे तोंड करतो. लाल झेंडा लेनवर आडवा, स्थिर धरतो. दुसरा हात वर, तळवा तुमच्याकडे.

जा : तो वाहतुकीला समांतर उभा राहतो. लाल झेंडा खाली, नजरेआड. मोकळ्या हाताने पुढे जाण्याची खूण करतो. लाल झेंडा हलवून 'या' म्हणायचं नाही, घोळ तिथेच होतो.

हळू : वाहनाकडे तोंड करून झेंडा अंगासमोर सावकाश हलवतो. हात खांद्याच्या वर जात नाही.

झेंडा साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा हवा. फाटकं फडकं किंवा झाडाची फांदी चालत नाही. 'थांबा' लिहिलेली दांड्याची पाटी असेल तर आणखी चांगलं.

काम करणाऱ्या पोरांनी एवढं पाळा. चमकणारं जॅकेट घाला. रस्त्याच्या कडेला, लांबून दिसाल असे उभे राहा. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीला थांबायला सुमारे ८० मीटर लागतात. भरल्या ट्रॉलीला त्याहून जास्त धरा, म्हणून खूण लवकर द्या. दुसऱ्या टोकाचा जोडीदार दिसत नसेल तर वॉकीटॉकी मागा. नाहीतर शेवटच्या गाडीचा नंबर फोनवर कळवा, ती बाहेर पडल्यावरच समोरची सोडा. रात्री कापडी झेंडा दिसत नाही. लाल दिवा आणि उभ्या जागेवर उजेड पाहिजेच. काम चालू असताना मोबाईल पाहू नका, गाडीकडे पाठ करू नका.

ही साधनं देणं ठेकेदाराचं काम आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ कलम आलं. ठरवून दिलेली सुरक्षा मानके न पाळल्याने कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

राष्ट्रीय महामार्गावर फ्लॅगमन, बोर्ड, दिवे नसतील तर १०३३ वर कळवा. अपघात झाला तर ११२ किंवा १०८.

आणि गाडीवाल्यांनो, खूण कळली नाही तर आधी थांबा, मग विचारा. दोन मिनिटांनी कारखान्याचा काटा बंद होत नाही.