शेररबाईंच्या घरची खोली

आपल्याकडे पेन्शन म्हटले की निवृत्तीनंतरचा पगार आठवतो. युरोपात ठरलेल्या पैशांत खोली आणि जेवण देणाऱ्या घरालाही पेन्शनच म्हणतात. खाणावळ आणि भाड्याची खोली एकाच छपराखाली, आणि घरमालकीणही तिथेच राहणारी, असे समजा.

उर्दूच्या तासाला इक्बाल आले की मी मुलांना अशाच एका घराबद्दल सांगतो. 1907 च्या उन्हाळ्यात इक्बाल जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेले. म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट घ्यायची, तर जर्मन भाषा हवी होती. नेकर नदीकाठच्या 'पेन्शन शेरर'मध्ये परदेशी विद्यार्थी राहत, तिथे त्यांना जागा मिळाली. लाहोरला प्राध्यापकी केलेला हा माणूस एमा वेगेनास्ट या तरुण शिक्षिकेसमोर पुन्हा विद्यार्थी म्हणून बसला. तिच्याकडे त्यांनी जर्मन कवी गटेचे 'फाउस्ट' वाचले. मुंबईच्या तय्यबजी घराण्यातल्या, जंजिऱ्याच्या नाझली बेगम यांच्या भगिनी अतिया फैजी तेव्हा तिथे गेल्या होत्या. 'इक्बाल' या 1947 च्या पुस्तकात त्यांनी ते दिवस लिहून ठेवले आहेत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात इक्बालना डॉक्टरेट मिळाली. नेकरकाठावर त्यांनी 'एक शाम' ही कविता लिहिली. पुढे 1923 मध्ये 'पयाम-ए-मशरिक' आले, गटेला फारसीतून दिलेले उत्तर. एमाबाईंशी पत्रव्यवहार तर कित्येक वर्षे चालला. एका भाड्याच्या खोलीतून एवढे निघाले.

म्हणून जर्मन माणसे मोठ्या मनाची, असा धडा मी देत नाही. त्याच हायडेलबर्गच्या ज्यू कुटुंबांना 22 ऑक्टोबर 1940 रोजी घराबाहेर काढून फ्रान्समधल्या गुर्स छावणीत धाडले गेले. मोठे मन कुठल्या देशाच्या मालकीचे नसते. दार उघडायचे की नाही, हे प्रत्येक घराला प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते.

माझा एक विद्यार्थी शहरात शिकायला गेला. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची, नाव सांगितले की "आत्ताच दिली हो." राग येतोच. पण आपल्या मोहल्ल्यात दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या प्रांताचा मुलगा किंवा एकटी मुलगी खोली विचारत आली, तर आपली किती घरे कां-कू करतात?

तुमची एखादी खोली रिकामी असेल, तर पुढच्या वेळी आडनावाआधी एवढेच विचारा: बाळा, काय शिकतोस?