स्वमग्नतेतील ध्वनी व प्रकाश संवेदनशीलता

स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या अनेक व्यक्तींना रोजच्या व्यवहारातील आवाज आणि उजेड इतरांपेक्षा फार तीव्रतेने जाणवतात. मिक्सरची घरघर, प्रेशर कुकरची शिट्टी, शाळेची घंटा, ट्यूबलाइटचा पांढरा प्रकाश अशा गोष्टी इतरांच्या लक्षातही येत नाहीत, परंतु या व्यक्तींना त्यांपासून अस्वस्थता, भीती किंवा प्रत्यक्ष वेदना होऊ शकते. या वैशिष्ट्यास ध्वनी व प्रकाश संवेदनशीलता असे म्हणतात. हा हट्टीपणा नव्हे, तसेच लाडावल्याचा परिणामही नव्हे. ज्ञानेंद्रियांकडून आलेल्या संवेदनांवर मेंदू ज्या पद्धतीने प्रक्रिया करतो, त्या पद्धतीतील हा फरक आहे. तो बालपणात दिसू लागतो आणि बहुधा प्रौढपणीही टिकून राहतो. योग्य नियोजन आणि परिसरातील साधे बदल यांमुळे त्याचा त्रास बराच कमी करता येतो.

## स्वरूप

संवेदनशीलतेचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. अतिसंवेदनशीलतेत साधी संवेदनाही असह्य वाटते, तर अल्पसंवेदनशीलतेत तीव्र संवेदनेचीही फारशी दखल घेतली जात नाही. हे दोन्ही प्रकार एकाच व्यक्तीत असू शकतात. हाक मारली असता वळूनही न पाहणारे मूल दूरच्या खोलीतील पंख्याच्या आवाजाने कान झाकून घेते. त्यामुळे मुलाला ऐकू येत नसावे अशी शंका पालकांना प्रथम येते आणि श्रवणचाचणीत मात्र श्रवणशक्ती उत्तम असल्याचे आढळते.

त्रास केवळ आवाजाच्या मोठेपणावर अवलंबून नसतो. आवाज अचानक आला का, तो किती काळ टिकणार हे ठाऊक आहे का आणि तो थांबवणे स्वतःच्या हाती आहे का, या तीन गोष्टींना फार महत्त्व असते. कुकरच्या शिट्टीने घाबरणारे मूल स्वतः डबा बडवून त्याहून मोठा आवाज आनंदाने करते, यात विसंगती नाही. स्वतः केलेला आवाज अपेक्षित असतो आणि हवा तेव्हा थांबवता येतो.

गर्दीच्या ठिकाणी वेगळीच अडचण येते. सर्वसाधारणपणे मेंदू नको असलेले आवाज मागे सारून समोरच्या माणसाचे बोलणे पुढे आणतो. अनेक स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत ही निवड नीट होत नाही. खुर्च्या सरकवल्याचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न, बाजूच्या टेबलावरील गप्पा आणि समोरच्याचे शब्द हे सारे सारख्याच जोराने एकाच वेळी कानावर येते.

प्रकाशाच्या बाबतीत थेट ऊन, वाहनांचे प्रखर दिवे, काचेवरून किंवा चकचकीत फरशीवरून परावर्तित होणारा उजेड आणि लुकलुकणारे दिवे त्रासदायक ठरतात. चोक असलेली जुनी ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि तिचा चोक गुणगुणतो. बहुतेकांना हे जाणवत नाही, पण काही स्वमग्न व्यक्तींना अशा दिव्याखाली वाचणे कठीण जाते. हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांतही असे लुकलुकणे असू शकते.

## इतिहास

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या निबंधात ११ मुलांचे वर्णन केले. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहते पाणी, यांत्रिक खेळणी यांच्या आवाजाला व हालचालीला ही मुले घाबरत असल्याची नोंद त्यात आहे. तीच मुले स्वतः तितकाच मोठा आवाज करीत, हेही कॅनर यांनी टिपले होते. व्हिएन्ना येथील हान्स आस्परगर यांनी १९४४ साली केलेल्या वर्णनातही संवेदनांविषयीची निरीक्षणे आढळतात. तरीही पुढील अनेक दशके स्वमग्नतेचा विचार मुख्यतः भाषा आणि सामाजिक वर्तन यांच्याच अंगाने होत राहिला.

अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन आयर्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संवेदी एकात्मीकरणाचा सिद्धान्त मांडला. विनी डन यांनी विकसित केलेली 'सेन्सरी प्रोफाइल' ही प्रश्नावली १९९९ साली प्रकाशित झाली. मुलाच्या संवेदनविषयक सवयी पालकांकडून पद्धतशीरपणे जाणून घेण्यासाठी ती वापरली जाते.

या विषयाकडे लक्ष वेधण्यात स्वमग्न व्यक्तींच्या आत्मकथनांचा वाटा मोठा आहे. पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका टेम्पल ग्रँडिन यांचे 'इमर्जन्स : लेबल्ड ऑटिस्टिक' हे पुस्तक १९८६ साली आले. शाळेच्या घंटेचा आवाज दंतवैद्याचे यंत्र नसेवर लागावे तसा वाटत असे, असे वर्णन त्यांनी आपल्या लेखनात केले आहे. ऑस्ट्रेलियातील डॉना विल्यम्स यांच्या १९९२ सालच्या 'नोबडी नोव्हेअर' या आत्मकथनानेही हे अनुभव वाचकांपर्यंत पोहोचवले.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत २०१३ साली संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिसौम्य प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या निदान-निकषांपैकी एक म्हणून समाविष्ट झाला. जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-११ हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यातही या वैशिष्ट्याचा उल्लेख आहे.

## कारणमीमांसा

कान किंवा डोळे या इंद्रियांत सहसा दोष नसतो. फरक मेंदूतील प्रक्रियेत असतो. एखादा आवाज वारंवार ऐकला की मेंदूचा प्रतिसाद हळूहळू मंदावतो आणि माणसाला त्या आवाजाची सवय होते. अतिसंवेदनशील स्वमग्न मुलांच्या मेंदू-प्रतिमांकनाच्या अभ्यासांत ही सवय होण्याची क्रिया मंद असल्याचे, तसेच भीतीशी संबंधित अमिग्डाला हा भाग अधिक सक्रिय होत असल्याचे दिसून आले आहे. त्यामुळे 'ऐकून ऐकून सवय होईल' हा सल्ला प्रत्येकास लागू पडत नाही.

एलिझाबेथ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी २०१२ साली दुसरे स्पष्टीकरण सुचवले. मेंदू पूर्वानुभवाच्या आधारे पुढे काय घडेल याचा सतत अंदाज बांधत असतो. स्वमग्न व्यक्तींमध्ये या अंदाजांचा प्रभाव कमी असल्याने प्रत्येक संवेदना नवी आणि ठळक भासते, असे त्यांचे मत आहे. यांपैकी कोणतेही एक स्पष्टीकरण अद्याप सर्वमान्य झालेले नाही.

## परिणाम

संवेदनांचा भार दिवसभर साचत जातो. सकाळी रिक्षाचा हॉर्न, दुपारी वर्गातील गोंगाट आणि संध्याकाळी दूरदर्शन संच असे थर चढत गेल्यावर एखाद्या क्षुल्लक आवाजानेही सहनशक्ती संपते. या अवस्थेस संवेदी अतिभार म्हणतात. अशा वेळी व्यक्ती रडते, ओरडते, स्वतःला मारून घेते किंवा तेथून पळ काढते. याउलट काही जण गप्प होतात आणि त्यांना बोलणे वा हालचाल करणेही अवघड जाते. भेदरून थेट रस्त्यावर धावत सुटल्यास जिवालाही धोका संभवतो.

हा उद्रेक आणि हट्ट यांत फरक आहे. हट्टामागे काही मिळवण्याचा हेतू असतो व हवे ते मिळताच तो थांबतो. अतिभारातून आलेल्या उद्रेकाला प्रेक्षकांची गरज नसते आणि खाऊचे आमिष किंवा धाक यांनी तो शमत नाही. हा फरक न ओळखल्यास मुलाला वेदनेबद्दलच शिक्षा होते. घरी, शाळेत 'नाटकी' किंवा 'बेशिस्त' असा शिक्का बसलेली मुले पुढे त्रास लपवू लागतात. असे सतत लपवणे थकवणारे असते. झोप न लागणे, शाळेत जाण्यास नकार, प्रौढांच्या बाबतीत नोकरी सुटणे किंवा घराबाहेर पडणेच टाळणे, असे दूरगामी परिणाम दिसतात.

## उपाययोजना

### नोंद व निरीक्षण

कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या आवाजाने वा प्रकाशाने त्रास झाला याची दोन-तीन आठवडे वहीत नोंद ठेवल्यास नेमकी कारणे उमगतात. बोलू शकणाऱ्या व्यक्तीला थेट विचारणे सर्वांत उत्तम. न बोलणाऱ्या व्यक्तींसाठी चित्रांची कार्डे किंवा ठरावीक खुणा उपयोगी पडतात. श्रवणदोष, कानाचे किंवा डोळ्यांचे विकार आणि अर्धशिशी यांमुळेही असाच त्रास होऊ शकतो. म्हणून वैद्यकीय तपासणी आवश्यक असते, विशेषतः त्रास अचानक सुरू झाला असल्यास.

### आवाजासाठी

* मिक्सर किंवा कुकर लावण्यापूर्वी सूचना देणे, तसेच शक्य असल्यास मिक्सरचे बटण त्या व्यक्तीलाच दाबू देणे.
* खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी टोप्या बसवणे. जाड पडदे, सतरंज्या यांनी खोलीतील घुमणारा आवाज कमी करणे.
* इअरप्लग, कान झाकणारे इअरमफ किंवा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन गरजेच्या वेळी वापरणे. रस्ता ओलांडताना मात्र वाहनांचा आवाज ऐकू येईल याची काळजी घेणे.
* पंख्यासारखा एकसुरी किंवा आवडीच्या संगीताचा मंद आवाज लावून अचानक येणारे आवाज सौम्य करणे.

कान दिवसभर झाकून ठेवणे इष्ट नसते. काही दिवस सलग इअरप्लग वापरल्यास मेंदू उलट अधिक संवेदनशील होतो, असे प्रौढांवरील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून शांत ठिकाणी ते काढून ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

### प्रकाशासाठी

* जुन्या ट्यूबलाइटऐवजी न लुकलुकणारे, पिवळसर प्रकाशाचे एलईडी दिवे लावणे.
* छतावरील एकाच प्रखर दिव्याऐवजी भिंतीवर पाडलेला प्रकाश किंवा टेबललॅम्प वापरणे.
* खिडकीला पडदे लावणे आणि उन्हात टोपी, छत्री अथवा गॉगल वापरणे.
* संगणक व मोबाइलच्या पडद्याची तीव्रता कमी ठेवणे. चकचकीत कागदाऐवजी फिकट रंगाचा कागद वापरणे.

घरात गडद चष्मा सतत घातल्यास डोळ्यांना अंधाराची सवय होऊन बाहेरचा उजेड अधिकच बोचतो. त्यामुळे तो शक्यतो बाहेरच वापरावा, असे नेत्रतज्ज्ञ सुचवतात.

### विश्रांतीची जागा

घरात, शाळेत वा कार्यालयात मंद उजेडाचा एक शांत कोपरा राखून ठेवणे हा कमी खर्चाचा आणि उपयुक्त उपाय आहे. तेथे जाण्याची मुभा अतिभार होण्यापूर्वीच असावी आणि ती शिक्षा वाटू नये. उद्रेक सुरू झाल्यास प्रश्न विचारणे, समजूत घालणे किंवा धरून ठेवणे टाळावे. दिवे व आवाज कमी करावेत, गर्दी दूर करावी आणि व्यक्तीला पुरेसा वेळ द्यावा.

### उपचारपद्धती

व्यवसायोपचारतज्ज्ञ व्यक्तीच्या गरजा तपासून दिनक्रम आणि परिसर यांत बदल सुचवतात. भीती फार असल्यास व्यक्तीच्या संमतीने, तिच्याच नियंत्रणाखाली आणि अगदी सौम्य आवाजापासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने सराव केला जातो. बळजबरीने गोंगाटात नेल्यास भीती वाढते. संवेदी एकात्मीकरण उपचार बरेच प्रचलित असले, तरी त्यांच्या परिणामकारकतेविषयी मतभेद आहेत. ब्रिटनमधील २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या सेवांपेक्षा त्यांचा विशेष लाभ दिसून आला नाही. विशिष्ट प्रक्रिया केलेले संगीत ऐकवणारे श्रवण-एकात्मीकरण प्रशिक्षण आणि रंगीत भिंगे यांच्या दाव्यांनाही पुरेसा आधार मिळालेला नाही. संवेदनशीलता 'मुळापासून बरी' करणारे औषध उपलब्ध नाही.

## सार्वजनिक ठिकाणी

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील काही दुकानांत ठरावीक वेळी संगीत बंद आणि दिवे मंद ठेवून 'शांत तास' पाळला जातो. न दिसणारे अपंगत्व सूचित करणारी सूर्यफुलाची गळपट्टी २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पोहोचली.

## भारतातील स्थिती

स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी भारतात वापरल्या जाणाऱ्या 'इसा' या ४० विधानांच्या मापनश्रेणीत संवेदनविषयक स्वतंत्र विभाग आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश असून, मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवाव्यात अशी तरतूद आहे. परीक्षेत जादा वेळाची सवलत सर्वपरिचित आहे. मात्र गोंगाट असलेल्या दालनात मिळालेला जादा वेळ हा अधिक काळ सोसावा लागणारा गोंगाटही ठरू शकतो. अशा विद्यार्थ्याला स्वतंत्र शांत खोली किंवा खिडकीपासून दूरची जागा अधिक उपयोगी पडते.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो व तेथील मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धकांना बंदी आहे. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे.

महाराष्ट्रात गणेशोत्सवातील ढोल-ताशे, डॉल्बी व लेझर दिवे, लग्नाच्या वराती आणि दिवाळीतील फटाके हा काळ स्वमग्न व्यक्तींच्या कुटुंबांसाठी कसोटीचा असतो. मिरवणुकीचा मार्ग व वेळ आधी ठाऊक असल्यास त्या वेळेपुरते घराच्या आतील खोलीत राहणे किंवा अन्यत्र जाणे शक्य होते. पूर्वकल्पना देणे हे शेजाऱ्यांना व मंडळांना विनाखर्च करता येण्याजोगे साहाय्य आहे. सणातून या व्यक्तींना वगळण्याऐवजी सकाळची गर्दी नसलेली दर्शनाची वेळ, घरगुती आरतीत झांजा हळू वाजवणे किंवा आवाज न करणारी फुलबाजी असे पर्याय ठेवल्यास त्यांनाही सणात सहभागी होता येते.

## हे सुद्धा पहा

* स्वमग्नता
* ध्वनिप्रदूषण
* व्यवसायोपचार
* दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
* जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन