भाऊसाहेबांचा तोतया

सेनापति रणांत पडला, पण पडतांना कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं, ही गोष्ट केव्हां केव्हां पराभवाहूनहि महाग पडते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासरावांना गोळी लागली, तेव्हां सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून गर्दींत मिसळले. रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. विश्वासरावांचें शव सांपडलें. भाऊंचें म्हणून जें ओळखलें गेलें तें मात्र शिरावेगळें धड होतें. दक्षिणेकडे पहिली वार्ता आली तीहि सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेंत. अशा वार्तेंत शोकाला जागा असते, तशी आशेलाहि असते.

त्या आशेच्या फटींतून सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण आंत शिरला व आपणच भाऊ असें सांगूं लागला. थोरल्या माधवरावांनीं चौकशी करून त्याला तोतया ठरविलें आणि कैदेंत टाकलें. प्रकरण तेथेंच मिटावयाचें. परंतु १७७६ सालीं रत्नागिरीचे अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीं त्याला सोडलें, आणि पाहतां पाहतां हजारों लोक त्याच्या झेंड्याखालीं जमून कोंकणांतले किल्ले त्याच्या हातीं गेले. मनुष्य तोच, पुरावाहि तोच. मग खोटें ठरलेलें सुमारें दहा वर्षांनीं खरें कां वाटावें?

लोक भोळे होते, हें उत्तर सोपें आहे आणि अपुरें आहे. किल्ले सांभाळणारे अंमलदार कांहीं भोळे नव्हते. मधल्या काळांत माधवराव १७७२ मध्यें वारले, १७७३ मध्यें नारायणरावांचा खून झाला. गादीवर दोन वर्षांचें मूल आणि कारभार बारभाईंचा. निर्णय देणाऱ्या दरबारावरचा भरंवसा डळमळला कीं, त्याचा जुना निर्णयहि डळमळतो. सत्ता सोडावी लागेल म्हणूनच कारभारी ह्याला खोटा म्हणतात, असें समजणें तेव्हां सोपें होतें. कित्येकांचा त्यांत स्वार्थ होता, हेंहि खरेंच. पण स्वार्थ आणि विश्वास मनाच्या वेगळाल्या खणांत राहात नाहींत. शिवाय एकदां मुजरा करून बसलेल्याला, तो आपण फसून केला, हें कबूल करणें जड जातें.

महादजी शिंद्यांच्या फौजेनें बंड मोडलें. मुंबईकडे निघालेल्या तोतयाला राघोजी आंग्र्यांनीं पकडलें, आणि पुण्यास पुन्हा चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्यें त्याला देहान्त शासन झालें.

दरबारचा प्रश्न सुटला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मात्र सौभाग्यचिन्हें लेवूनच राहिल्या. १७८३ सालीं त्यांचें निधन झालें, तेव्हां त्यांच्या उत्तरक्रियेबरोबर भाऊंचीहि करण्यांत आली.