शेजारच्या वसाहतीच्या नोटा घ्यायच्या की नाही?

समजा, तुमचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक शेजारच्या राज्यानं छापलेली नोट पुढे करतंय. घ्याल?

अमेरिका हा देश जन्मायच्या आधी बोस्टनच्या दुकानदारांपुढे हा रोजचा प्रश्न होता. बोस्टन हे मॅसॅच्युसेट्स या ब्रिटिश वसाहतीचं बंदर. शेजारी चिमुकलं ऱ्होड आयलंड, तेही ब्रिटिशांचंच, पण नोटा ज्याच्या त्याच्या वेगळ्या.

गंमत म्हणजे ही खोड मॅसॅच्युसेट्सनंच लावली. १६९० मध्ये क्वेबेकवरची स्वारी फसली, सैनिक पगार मागत परतले आणि तिजोरीत खडखडाट. मग छापा नोटा! ऱ्होड आयलंडनं ते आणखी सोपं केलं. जमीन गहाण ठेवा, कोऱ्या नोटा कर्जाऊ घ्या. पण नोट देऊन चांदी मागायची सोय नाही. त्या नोटा घेऊन लोक बोस्टनला खरेदीला. माल त्यांच्याकडे, कागद यांच्याकडे. नोटा वाढल्या की चांदी महागायची आणि ठरलेल्या रकमेवर जगणाऱ्या विधवा, पाद्री भरडले जायचे.

१७३३ मध्ये ऱ्होड आयलंडनं एक लाख पौंडांच्या नोटा काढल्या. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी ठरवलं, या घ्यायच्या नाहीत. त्याऐवजी त्यांनी स्वतःच्या १ लाख १० हजार पौंडांच्या नोटा काढल्या, ठरल्या दरानं चांदी देण्याचं वचन देऊन. झालं काय? चांगल्या नोटा लोकांनी पेटीत दडवल्या आणि बाजारात फिरला ऱ्होड आयलंडचाच कागद. एकानं गुपचूप घेतला, मग सगळ्यांनीच. नाही म्हणणाऱ्याचं गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जायचं ना!

नुसत्या बहिष्कारानं भागणार नव्हतं. आधी स्वतःकडे खणखणीत नाणं हवं. ते आलं लढाईतून. १७४५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पुढाकारानं फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला पडला आणि ब्रिटिश संसदेनं खर्चापोटी १,८३,६४९ पौंड मंजूर केले. सभापती थॉमस हचिन्सन म्हणाला, या पैशातून आपल्या जुन्या नोटा परत घेऊ आणि चांदीच चालवू. कर्जदार खवळले. स्वस्त कागदात फेडायचं कर्ज आता चांदीत फेडायचं? त्याच्या घराला आग लागली तेव्हा रस्त्यावर काहीजण ओरडले, जळू द्या! १७४९ ची निवडणूकही तो हरला.

पण त्याच वर्षी सप्टेंबरात स्पॅनिश डॉलरच्या २१७ पेट्या बोस्टनला उतरल्या. पंचेचाळीस शिलिंगांच्या जुन्या नोटा द्या, एक डॉलर घ्या. ३१ मार्च १७५० नंतर ऱ्होड आयलंड, कनेक्टिकट आणि न्यू हॅम्पशायरच्या नोटांवर बंदी, मोडली तर दंड. सरकारी पदावरच्या माणसाला तर देवासमोर शपथ घ्यावी लागे, की मी या नोटा घेतल्या-दिल्या नाहीत. मला हे सगळ्यात भारी वाटतं. जिथं व्यापाऱ्यांचा करार मोडला, तिथं आता नरकाची भीती!

चांदी गल्ल्यात खुळखुळू लागली तसा विरोध निवला. ऱ्होड आयलंडमार्फत येणारा वेस्ट इंडीजचा माल थेट बोस्टनला येऊ लागला. आणि १७५१ मध्ये लंडननंच कायदा करून या चारही वसाहतींच्या नोटाछपाईला लगाम घातला.

हचिन्सनचं घर मात्र १७६५ मध्ये जमावानं फोडलंच. तेव्हा निमित्त होतं स्टॅम्प ॲक्टचं. ती गोष्ट पुढच्या भागात.