गिरमिट आणि संरक्षक

परमुलखात मजुरीला जाणाऱ्यांच्या पाठीशी कोणी आणि कसे उभे राहावे, हा प्रश्न आखाती नोकऱ्यांहून कितीतरी जुना आहे. १८३४ पासून हिंदी मजूर करारबद्ध होऊन मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. त्यांत कोकणातले मराठीभाषकही होते. 'अॅग्रीमेंट'चे मजुरांच्या जिभेवर 'गिरमिट' झाले. त्यांच्या हालांविषयी ओरड झाल्यावर १८३९ मध्ये या वाहतुकीवर बंदी आली. १८४२ च्या कायद्याने ती उठली आणि पुढे बंदरात सरकारी 'संरक्षक' नेमण्याची तरतूद झाली. मजूर राजीखुशीने निघाला आहे ना, हे त्याने पाहायचे. पण मळ्यावर पोचल्यावर काम सोडणे हा फौजदारी गुन्हा ठरे. जाण्याची संमती तपासली जाई. परतण्याचे स्वातंत्र्य मात्र नसे.

नेमक्या याच विसंगतीवर रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बोट ठेवले. मार्च १९१२ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धतच रद्द करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला. भरती थांबली ती १९१७ मध्ये. ते पाहायला गोखले उरले नव्हते.

१९८३ च्या स्थलांतर कायद्यातही 'संरक्षक' हे पद कायम राहिले. त्याचे मोल शिक्क्यांवरून ठरू नये. मजुराला नको असलेले काम सोडून निर्धास्तपणे घरी येता येते का, हीच त्याची कसोटी.