बाळ पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर

लस द्यायला आणलेली बरीचशी बाळं गाडीत पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर बसून येतात. मी काही बोललो की उत्तर ठरलेलं असतं, "डॉक्टर, मी घट्ट धरलेलं असतं हो!"

हेच उत्तर एकदा कायद्यात शिरलं होतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि लहान मुलांना गाडीत बालसीट सक्तीची करणारा तिथला पहिला कायदा १९७८ मध्ये लागू झाला. पण त्यात एक पळवाट ठेवली गेली: मोठ्या माणसाने मूल हातात धरलं असेल तर बालसीट नको! डॉ. सँडर्स या तरतुदीला 'मूल चिरडणारी दुरुस्ती' म्हणत. ती १९८१ मध्ये काढली गेली.

चिरडणारी का? हिशेब करून पाहा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कोणत्या आईच्या हातात ती असते? हात सुटतात, आणि आईने पट्टा लावला नसेल तर तिचंच वजन बाळावर येतं. दोघांवरून एकच पट्टा घेतला तर बाळ पट्टा आणि आई यांच्यामध्ये दाबलं जातं.

बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक. म्हणूनच स्वीडनच्या डॉ. बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या आसनावरून कल्पना घेऊन मागे तोंड असलेली बालसीट तयार केली. धक्का सगळ्या पाठीवर विभागला जातो.

मग एअरबॅग आली. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या एअरबॅग पट्टा न लावलेल्या प्रौढ पुरुषालाही थोपवता येईल इतक्या जोरदार होत्या. १९९० च्या दशकात तिथे पुढे बसलेली मुलं त्या फुगण्याच्या फटक्याने दगावली, तीही मोठ्यांचं खरचटण्यावर निभावलं अशा छोट्या धडकांत. मागे तोंड असलेल्या सीटची पाठ तर एअरबॅगला जवळजवळ टेकलेलीच. तेव्हापासून 'बारा वर्षांपर्यंत मागेच' हा सल्ला रूढ झाला.

आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार १००० रुपये दंड आहे. आणि २०२१ पासून नव्या गाड्यांत चालकाशेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची झाली आहे. आज घरी जाताना त्या बाजूचा सनव्हायझर खाली करून बघा. त्यावर बालसीटचं खूण मारलेलं चित्र असेल, तर ते त्याच मुलांमुळे आलं आहे.